तीन खाटांची सिस्टर

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. भिंतीवरचे नाही आणि मनगटावरचेही नाही. मी नर्सच्या छातीवर पिनेने लटकणारे घड्याळ. माझी तबकडी मुद्दाम उलटी बसवलेली आहे. समोरच्याला मी चक्रम वाटते, पण नर्सने मान खाली घातली की माझे आकडे तिला सरळ दिसतात. तिचे दोन्ही हात नेहमी कशात ना कशात गुंतलेले असतात, म्हणून ही सोय.

लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडले. एकीने काटे बसवले, दुसरीने काच. सेकंदकाटा तेवढा लाल ठेवला, नाडी मोजायला बरा पडतो म्हणून. माझी पहिली मालकीण हाडांच्या वॉर्डची प्रमुख होती. तिला सगळे थोरल्या सिस्टर म्हणत. निवृत्तीच्या दिवशी तिने मला स्वतःच्या गणवेशावरून काढले आणि हाताखालच्या एका पोरसवदा नर्सच्या गणवेशाला लावले. "घे गं. मला आता वेळ बघून करायचंय काय?"

ती नर्स म्हणजे माझी बाई. मी सांगणार आहे ती गोष्ट तिचीच आहे.

हाडांच्या वॉर्डात आम्ही दोघांनी बारा वर्षे काढली. तिथली माणसे पाय टांगून आठवडेच्या आठवडे पडून असत. मरायला कोणी येत नसे, सगळे चालायला शिकून घरी जात. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेला एक ट्रकचालक सकाळी तोंड धुवायला कुरकुर करायचा. बाई त्याला म्हणाली, "प्लास्टर पायाला घातलंय, दादा. तोंडाला घालायचं असेल तर तसं सांगा, अर्ध्या तासात घालते." सगळा वॉर्ड हसला आणि ट्रकचालकाने निमूट तोंड धुतले. घरी गेलेले लोक महिन्याभराने तिला चालून दाखवायला येत. त्या दिवसांत तिच्या छातीचे ठोके मला ऐकू येत, ते संथ असत.

मग कुठे बिनसले? कोणी तिला ढकलले नाही. एका लग्नात नणंदेच्या नवऱ्याने सहज विचारले, "वहिनी, तुम्ही अजून प्लास्टरवाल्याच का?" तो हसला, तीही हसली. पण ते तिला लागले. तिच्याबरोबर शिकलेल्या दोघी अतिदक्षता विभागात होत्या आणि डॉक्टर त्यांना विचारून निर्णय घेत, असे तिच्या कानावर आले होते. तिने बदलीचा अर्ज लिहिला.

"तुझं चांगलं चाललंय की," नवरा म्हणाला. "उगाच कशाला?"

"बारा वर्षं एकाच जागी माणूस गंजतो हो."

थोरल्या सिस्टरना विचारायला ती मुद्दाम त्यांच्या घरी गेली. त्यांनी तिला चहा दिला आणि माझ्याकडे पाहिले. "तिथं माणसं बोलत नाहीत, पोरी. यंत्रं बोलतात. तुला बोलणारी माणसं लागतात." बाईने मान डोलावली, पण अर्ज काही मागे घेतला नाही.

अतिदक्षता विभागात पहिल्या आठवड्यातच तिला आपली चूक कळली. तिथे खिडक्या होत्या, पण पडदे कायम ओढलेले. प्रत्येक खाटेशी चार-पाच यंत्रे, आणि प्रत्येकाचा ओरडण्याचा सूर वेगळा. नियम असा होता की एका नर्सकडे एकच अत्यवस्थ रुग्ण, फार तर दोन. तिच्याकडे रोज तीन असत. ती तक्रार करायला गेली की प्रमुख नर्स म्हणे, "मी काय माणसं खिशातून काढू? आजचा दिवस काढ." आजचा दिवस असा रोजच काढावा लागे. तिचा डबा न उघडलेलाच घरी परत जाई. घरी कपडे धुण्याच्या यंत्राने काम संपल्याची शिटी वाजवली, तरी ती ताडकन उठे. नवरा तिला खांद्याला धरून बसवी. "अगं, कपडे आहेत ते."

"मी तिथं जायला नको होतं," एकदा ती त्याला म्हणाली. तो "मी सांगितलं होतं" असे म्हणाला नाही. मला तो माणूस तेव्हापासून आवडतो.

चार नंबरच्या खाटेवर एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. घशात नळी, त्यामुळे बोलणे बंद. जरा शुद्धीवर आले की ते हाताने पेन मागत. एकदा त्यांनी कागदावर मला काढले. उलटी तबकडी, पिनेचा वाकडेपणा, वेळसुद्धा बरोबर. बाईने तो कागद त्यांच्या खाटेच्या दांडीला चिकटवला. तिथे आल्यापासून मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिले.

त्यांचा रक्तदाब एका औषधावर टिकून होता. ते औषध लहान पंपातून कणाकणाने आत जाई, आणि सिरिंज संपायच्या आत दुसरी लावावी लागे. त्या सकाळी बाईने दुसरी सिरिंज भरून ठेवली होती. ती चार नंबरकडे निघाली, तोच सहा नंबरच्या तरुणाने भ्रमात स्वतःची श्वासाची नळी ओढली. नळी अर्धी बाहेर आली. बाईने झेप घेऊन ती दोन्ही हातांनी धरली.

आणि चार नंबरचा पंप ओरडू लागला. तिने मान खाली घालून मला पाहिले. दहा बेचाळीस.

"कोणीतरी चार नंबर बघा!" ती ओरडली. एक नर्स रुग्णाला तपासणीला घेऊन खाली गेली होती. दुसरी पडद्याआड कोणाचे तरी थांबलेले हृदय चालू करायला छाती दाबत होती. डॉक्टरही तिथेच होते. बाईने हात सोडले असते तर तो तरुण तिच्यासमोर घुसमटला असता. तिने हात सोडले नाहीत. पंप ओरडत राहिला. तिच्या छातीचे ठोके माझ्यावर आपटत होते.

डॉक्टर धावत आले, त्यांनी नळी हातात घेतली, आणि ती चार नंबरपाशी पोहोचली. दहा एक्कावन्न. सिरिंज रिकामी होती. तिने नवी लावली, पण काही मिनिटांतच शिक्षकांचे हृदय थांबले. सगळ्यांनी मिळून पाऊण तास प्रयत्न केले. ते गेले.

नोंद लिहायची वेळ आली तेव्हा प्रमुख नर्स तिच्या कानाशी वाकली. "सिरिंज दहा चाळीसला बदलली असं लिही. ते तसेही जाणारच होते. तुझ्या भल्यासाठी सांगतेय."

बाईने लिहिले: पंपाचा इशारा दहा बेचाळीस, सिरिंज बदलली दहा एक्कावन्न. खाली सही केली. अक्षर स्वच्छ आले.

दुपारी शिक्षकांची लेक आली. दांडीवरचा कागद काढून घेत तिने विचारले, "शेवटी बाबांजवळ कोणी होतं का?"

"शेवटी मी होते," बाई म्हणाली. "त्याआधी नऊ मिनिटं नव्हते. औषध संपलं होतं आणि मी दुसऱ्या खाटेपाशी अडकले होते."

लेकीने विचारले, "मग तो वाचला का? तो दुसरा?"

"वाचला."

लेकीने कागदाची घडी घातली आणि ती निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बाईला बरे वाटले असते.

चौकशी झाली. अहवालात 'परिचारिकेचा हलगर्जीपणा' असे शब्द आले. त्या सकाळी तिच्याकडे तीन रुग्ण होते, हे त्यात कुठेच आले नाही. तिला ताकीद मिळाली. ताकीद हातात घेऊनच ती मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या नर्सच्या वरिष्ठांच्या, खोलीत गेली आणि हाडांच्या वॉर्डात परत पाठवा, म्हणून तिने हात जोडले.

"मनात आलं की जायचं, मनात आलं की यायचं, असं असतं का?" मेट्रन म्हणाल्या. "अर्ज तूच केला होतास. तुझ्या जागी केव्हाच दुसरी आली."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने मला गणवेशावरून काढले आणि कपाटाच्या खणात ठेवले. वेळ ती आता भिंतीवरच्या घड्याळात बघते. नऊ मिनिटे मोजणाऱ्याचे तोंड रोज बघवत नसेल. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. मला काय, नवा सेल घातला की मी चालेन. पण तुमच्या घरचे कोणी रुग्णालयात असेल आणि सिस्टर यायला उशीर झाला, तर ओरडण्याआधी तिला एवढेच विचारा, "आज तुमच्याकडे किती खाटा आहेत?" आकडा ऐकून घ्या. तो जास्त असला, तर ज्यांनी तिला एवढ्या खाटा दिल्या त्यांचे दार ठोठावा. तिच्याच्याने ते होत नाही. तिचे हात मोकळे नसतात.

माझी बाई आज सकाळीही कामावर गेली. दार ओढून घेतल्याचा आवाज मी खणातून ऐकला. आज तिला किती खाटा मिळाल्या, मला माहीत नाही.