बेटावरचा चापडा

कुडाळला सर्पमित्र म्हणून दिनकरने चारशेच्या वर साप पकडले होते आणि एकूण एक सोडले होते, तेही त्याच दिवशी, जवळच्या रानात. कुवेतमध्ये मात्र तो इस्पितळातला लॅब टेक्निशियन. तिथल्या मंगफ भागातल्या खोलीत त्याच्या सापांच्या गोष्टी ऐकायला भिंतींखेरीज कोणी नव्हतं. त्यामुळे राई नावाच्या भागातल्या रोपांच्या गोदामातून तिथे कामाला असलेल्या तौफीकचा फोन आला, की परदेशी रोपांच्या खोक्यात साप निघालाय, तेव्हा गडी धावत सुटला.

तिकोनी डोकं, हिरवं अंग. गावाकडच्या झाडांवरचा विषारी चापडाच! काठीने अलगद बरणीत घेऊन त्याने सवयीने विचारलं, "इधर नजदीक जंगल कहाँ है?"

तौफीक पोट धरून हसला. बाहेर नुसती वाळू आणि अठ्ठेचाळीस डिग्री ऊन.

दिनकर उद्या बघू म्हणत राहिला आणि साप तीन दिवस त्याच्या खोलीवरच राहिला. वाटीतल्या पाण्याला तो तोंड लावेना. शेवटी दिनकरने कुडाळला आपल्या गुरूंना, बाळासाहेबांना फोटो पाठवला.

"आपलो नाय तो," ते म्हणाले. "लांबच्या बेटांवरचो. दुसरीकडे खंयच गावणा नाय. चावलो तर थंय औषध नाय, सांभाळ. झाडावरचो आसा, अंगावर पाणी मार."

दिनकरने इस्त्रीच्या बाटलीने पाणी फवारलं. साप आपल्याच अंगावरचे थेंब पिऊ लागला. इस्पितळात दिनकरची गाठ फक्त नळ्यांतल्या रक्ताशी पडायची. आपल्या हातून कुणाची तहान भागलेली बघून त्याला वेडा आनंद झाला.

पण चापडा म्हणजे काही मांजर नव्हे, आणि शेजारी पोरंबाळं. चौथ्या दिवशी तो प्राण्यांच्या डॉक्टर हिबाकडे बरणी घेऊन गेला. "याला बेटावर परत धाडता येईल?"

"कागदपत्रं होईपर्यंत जगायचा नाही. इथे काचपेटीत छान राहील. रानापेक्षा जास्तच वर्षं काढेल."

"आणि याच्या जातीचं दुसरं कुणी?"

"अख्ख्या देशात नाही."

दिनकरने साप तिच्याकडे सोपवल्याच्या कागदावर सही केली. बाहेर येतो तोच बाळासाहेबांचा फोन. "सोडलंस मां रे? खंय?"

"सोडलंय, काका." या माणसाशी तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होता. "जागा बरी आसा. थंडावो आसा, पाणी आसा, खाणा वेळेर गावता."

"मगे बरा झाला."

दिनकरने फोन ठेवला. स्वतःबद्दल गावाकडच्या बायकोला तो दर शुक्रवारी फोनवर हेच सांगायचा, आणि तीही असंच म्हणायची.