पुरा केलेला समुद्र

एकोणपन्नास साली देशात संस्थानं विलीन होत होती आणि राजपुऱ्यातल्या आमच्या शाळेत गिरणीच्या साहेबाचं सामान. विलायतेला निघालेल्या त्याच्या मडमेनं खुर्च्यांबरोबर एक चित्रही शाळेला दिलं. उभे कडे आणि त्यांच्यावर आपटणारा समुद्र. तिच्या भावानं काढलेलं. भाऊ लढाईत मारला गेला होता. मी ड्रॉइंग मास्तर, म्हणून माझ्याकडे बघून ती म्हणाली, "सांभाळा."

समुद्र मी कधी पाहिला नव्हता. पण जवळ जाऊन बघितलं तर नुसते रंगाचे ठिपके. दगड जांभळे, त्यांना कड नाही. लाटेला रेघ नाही. मी इंटरमिजिएट ड्रॉइंग पहिल्या वर्गात पास. निदान केलं, बिचाऱ्याचं चित्र अर्धवट राहिलं. शाळा तपासायला इन्स्पेक्टर यायच्या आत ते पुरं करायला मी सुपडू पेंटरला बोलावलं. हा बहादरपूरच्या रस्त्यावर भिंतींवर विडीच्या जाहिराती रंगवायचा.

सुपडू दहा पावलं मागे गेला. "मास्तर, इथून देखा. पानी कसं हालून राह्यलं! याला हात नका लावू."

"इन्स्पेक्टर काय रस्त्यावरून बघणार आहे? तुझी विडीची भिंत वेगळी, ही कला आहे. मी खडूनं खुणा करतो, तू गिरव."

त्यानं गिरवलं. प्रत्येक दगडाला काळी कड, प्रत्येक लाटेला पांढरी झालर. समुद्र जागच्या जागी थांबला.

पंधरा दिवसांनी मडम आली. मुंबईची गाडी पकडण्याआधी तिला चित्र एकदा बघायचं होतं. सुपडू नेमका तिथंच फळ्याला काळा रंग देत होता.

तिनं एका दगडाच्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं. मग इंग्रजीत विचारलं, "हे कुणी केलं?"

माझं इंग्रजी बेताचं, पण त्या दिवशी एकही चूक झाली नाही. "या पेंटरनं. मला न विचारता."

"त्याला रागावू नका," ती म्हणाली. "त्याला कसं कळणार?"

"काय म्हने बाई?" सुपडूनं मला विचारलं.

"तुझं काम आवडलं म्हणते."

त्यानं ब्रश खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि तिला वाकून नमस्कार केला. तिनंही हात जोडले.

ती गेल्यावर तो म्हणाला, "तुमचंच खरं निघालं, मास्तर. मीच उगी आडवा आलो. माफी करा."

"असू दे," मी म्हणालो.