कूलर आणि दोन इंग्रज

मी एक जुना कूलर आहे. अकोल्यातल्या एका पत्राकामाच्या दुकानात माझा जन्म झाला. तीन बाजूंना वाळ्याच्या जाळ्या, मधे पंखा, तळाशी पाणी, एवढेच माझे शरीर. पण मित्रांनो, मे महिन्यात घरी येणारे पाहुणे आधी मला शोधत आणि मग यजमानांना!

मी विमलबाईंच्या खाटेजवळ, खिडकीत राहत असे. त्यांचा मुलगा शेखर वकील. अमरावतीला शिकताना त्याने दोन इंग्रजांची गाणी कॅसेटवर ऐकली होती. एक गातो, दुसरा यंत्राची बटणे दाबतो. पन्नाशीत त्याला त्यांचे सगळे अल्बम तबकड्यांवर हवेसे झाले. परदेशातून खोकी येऊ लागली. मी तबकडी पाहिली. काळी, चपटी, एका जागी गरगरणारी. माझा पंखाही गरगरतो, पण तो निदान वारा देतो.

मग उन्हाळा आला.

"आई, कूलर माझ्या खोलीत नेतो. गरमीनं रेकॉर्ड वाकतात."

"अन् मी?"

"तुझ्याकडे छताचा पंखा आहे ना."

"ने बापा. त्या गोऱ्यायले लू लागन. मायचं काय!"

धूळ नको म्हणून शेखरने खिडक्या घट्ट लावल्या. वऱ्हाडातले शेंबडे पोरही सांगेल, की कूलरला उघडी खिडकी लागते. ओली हवा बाहेर गेली नाही, तर खोली नुसती दमट होते. शिवाय माझ्या घरघरीत गाणे ऐकू येईना आणि मला बंद करायची त्याची छाती होईना. तो नुसता कव्हरांकडे बघत बसे. पलीकडे विमलबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन पडलेल्या असत. एका दुपारी त्यांना भोवळ आली, तरी मी हललो नाही. मला पाय आहेत, पण चालता येत नाही.

पुढे कव्हरांना बुरशी आली. शेखरने ती तबकड्यांसकट गच्चीवर, आईच्या कुरडयांशेजारी वाळत घातली आणि पक्षकाराशी फोनवर बोलत बसला. परत आला तेव्हा कुरडया कडकडीत वाळल्या होत्या आणि तबकड्यांचे द्रोण झाले होते.

"तुह्ये पापड पलटवले नाहीत का रे?" विमलबाईंनी विचारले.

खाली येऊन त्याने मला ओढत आईच्या खिडकीत नेले आणि स्वतः पाणी भरले.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण आधी घरात कोणाला उकडते आहे ते विचारा.

माझा एक कोपरा गळतो. त्याखाली विमलबाईंनी एक वाकलेली तबकडी ठेवली आहे. तिला मधोमध भोक आहे. पाणी धरणे, एवढे साधे कामही तिला जमत नाही.