रविवारच्या गोळ्या

संधिवात आहे असं सांगितलं की लोक आधी संस्कृतीच्या तोंडाकडे बघायचे. एकविसाव्या वर्षी कसला संधिवात? सुरुवातीला ती समजावून सांगायची. मग कंटाळली आणि "हात दुखतात" एवढंच म्हणू लागली.

ती मूळची मोडनिंबची. सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि मैत्रीण सबिहाबरोबर एका खोलीत राहायची. सकाळी बोटं सैल व्हायला तासभर लागायचा, म्हणून वेणी सबिहाच घालून द्यायची. दिवसभर कॉलेज. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी सात रस्ता चौकाजवळ हेमावती मॅडमचा जर्मनचा वर्ग, तोही दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर ती फोन बघितल्यासारखं करून थांबायची. गुडघ्यांचं कुणाला कळू नये एवढ्यासाठी.

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली होती, रविवारची. त्या गोळीमुळे सांधे ताब्यात राहायचे, पण सोमवार वाया जायचा. मळमळ, जड डोकं, अन्नावर वासना नाही. सोमवारीच प्रॅक्टिकल असायचं, आणि मंगळवारच्या वर्गाचा अभ्यासही.

जर्मनची परीक्षा पुण्यात एका शनिवारी होती. पुढच्याच आठवड्यात विद्यापीठाची प्रॅक्टिकल. परीक्षेला महिना राहिला तेव्हा एका रविवारी संस्कृतीने गोळी घेतली नाही. काही झालं नाही. उलट सोमवार इतका मोकळा गेला की तिला रडू आलं. कित्येक महिन्यांनी तिने सोमवारी पोटभर भात खाल्ला, जर्मनचे दोन धडे संपवले. पुढच्या रविवारीही तिने गोळी टाळली. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या रविवारनंतर मनगटं सुजली. बुधवारी सकाळी मोरीची आतली कडी तिला निघेना. दोन्ही तळव्यांनी रेटून पाहिलं, कोपराने पाहिलं. बाहेरून सबिहा दार वाजवत होती.

"संस्कृती, काय झालं?"

"कडी निघत नाहीये गं."

शेवटी सबिहाने घरमालकांना बोलावून दार उघडवलं. तिला अंथरुणावर बसवून ती औषधांचा डबा शोधू लागली. गोळ्यांची पट्टी तिने उलटसुलट करून पाहिली.

"या महिन्याच्या चारही गोळ्या इथे कशा?"

संस्कृतीने सुजलेली मनगटं ओढणीखाली घेतली.

"रोज सकाळी मी तुझे केस विंचरते. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?" सबिहाचा आवाज चढला, मग चिरकला. तिने संस्कृतीच्या वडिलांना फोन लावला.

दुपारच्या एसटीने हिंदुराव आले. मुलीचे हात त्यांनी मांडीवर घेतले, पण दाबायला धजले नाहीत.

"दोन्हीतलं एक सोड की, बाय. येवढा जीव काढून काय करायचंय?"

"कुठलं सोडू, अण्णा?"

"त्ये जर्मन सोड. डिग्री तरी हाताशी ऱ्हाईल."

"डिग्रीवर नोकरी मिळंल ती लॅबमधली. आठ तास उभ्यानं. ते मला जमायचं नाही. भाषांतराचं काम अंथरुणात बसूनही करता येतं."

हिंदुरावांनी तिचे हात अलगद खाली ठेवले. "हे कवा ठरीवलंस?"

"दोन वर्षं झाली."

ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुण्याला जाणं झालंच नाही. शुक्रवारी वडील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

"सोमवार जड जातो, हे मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. "गोळी शुक्रवारी घेतली तरी चालली असती. बदलला असता वार."

संस्कृतीने कधी विचारलंच नव्हतं, एवढंच खरं होतं.

विद्यापीठाची प्रॅक्टिकल तिने अर्ज करून स्टुलावर बसून दिली. ब्युरेटच्या काचेच्या नळीची तोटी फिरवताना दोनदा जास्त द्रावण पडलं. पास होण्यापुरते मार्क मिळाले. जर्मनची परीक्षा सहा महिने पुढे गेली.

आता गोळी शुक्रवारी असते, त्यामुळे शनिवार जातो. शनिवारचा जिना तिला चढवत नाही. हेमावती मॅडम फोन लावून टेबलावर ठेवतात आणि ती खोलीवरून, उशीला टेकून वर्ग ऐकते. नव्या बॅचची मुलं भराभर उत्तरं देतात. परवा मॅडमनी तिचं नाव घेऊन प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आलं नाही. संस्कृतीला झोप लागली होती. मॅडमनी थोडं थांबून दुसऱ्या मुलीला विचारलं आणि वर्ग पुढे चालू राहिला.

मंगळवारी जिना चढून गेल्यावर तिने आधी पुस्तक उघडलं.

"मॅडम, शनिवारी कुठपर्यंत झालं?"