ताईची कोंबडी

ताईने ते पिल्लू कोंबडी म्हणून आणलं होतं. तुरा वाढला, शेपटीला बाक आला, तरी ताई म्हणायची, "उशिरा अंडी देणारी जात असेल." मग एका पहाटे तिची ती कोंबडी खुराड्यावर चढून खणखणीत आरवली. धाकटा भाऊ शिंपी; तो हसून हसून खालीच बसला. "जन्मभर माझ्या मापात चुका काढल्यास ताई, आणि हे?" ताई आठ दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

थंडीत ताई गेली. आई-बापामागे या भावाला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. शेवटी एवढंच म्हणाली, "त्या कोंबड्याला सुरी लागू देऊ नकोस." शिंप्याने तिचा हात धरून हो म्हटलं.

मग घरमालक मागे लागला. सगळ्या इमारतीची झोपमोड होते म्हणे. शिंप्याने काळ्या अस्तराची दुहेरी खोळ शिवून खुराड्यावर चढवली, की बापड्याला रात्रच वाटावी. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तो आतून वेळेवर आरवला. मालकाने सांगून टाकलं, "रविवारपर्यंत तो तरी जाईल, नाहीतर तू तरी."

शिंपी दारोदार फिरला. घ्यायला सगळे एका पायावर तयार, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "वजन किती भरेल?" मेल्यांच्या डोळ्यांत नुसतं पातेलं दिसायचं. "वजनाचं ठाऊक नाही, छाती चौदा इंच आहे," असं म्हणून शिंपी चालू पडायचा.

शनिवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीवरचा पहारेकरी आखूड करायला दिलेली पँट न्यायला आला. त्याने खोळ उचलून खुराड्यात वाकून पाहिलं. झालं, आता हाही विचारणार, असं शिंप्याच्या मनात आलं.

"किती वाजता आरवतो?" पहारेकऱ्याने विचारलं.

"साडेपाचला. का हो?"

"बायकोची नजर गेलीय. माझी रात्रपाळी. ती एकटी जागी पडून असते, उजाडलं की नाही ते कळत नाही तिला. गजर लावून दिला, तर म्हणते, तो तुम्ही सांगाल तेव्हा वाजणार, त्याला दिवसाचं काय कळतंय?"

शिंप्याने खोळ काढून घडी घातली. "ही तुम्हाला लागायची नाही," तो म्हणाला, आणि कोंबडा पहारेकऱ्याच्या हातात दिला. दोघं गेल्यावर रिकाम्या खुराड्याजवळ तो पुटपुटला, "झालं बघ ताई तुझं काम."

रविवारी दार धडधडलं तेव्हा शिंपी दचकून उठला. दारात गिऱ्हाईक उभं. "अहो, दहा वाजले. बरं नाही का?"

ऊन पार मशीनपर्यंत आलं होतं. या घरात गजराचं घड्याळ कधी नव्हतंच. आधी ताई हाक मारायची, मग कोंबडा. आज तांबडं फुटून गेलं आणि त्याला कुणी उठवलं नाही. कडी धरून तो तसाच उभा राहिला, आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा, त्या परक्या माणसासमोर, ढसाढसा रडला.