पुलावरचा राखणदार खाली बसला

मित्रांनो, मी एक राखणदार आहे आणि आता बराच जुना झालो आहे. वय विचारू नका. संगणकाच्या जगात चार वर्षांतच माणूस म्हातारा ठरतो. हातात सोटा, गालभर दाढी आणि किंचित सुटलेले पोट अशा थाटात मी एका व्हिडिओ गेममधल्या दगडी पुलावर उभा असतो. खेळणाऱ्याने तलवार घेऊन यायचे, माझ्याशी दोन हात करायचे, मला पाडायचे आणि पलीकडच्या मोठ्या जगात जायचे. माझ्यापर्यंतचा भाग फुकट आहे. पुढचा हवा असेल तर गेम विकत घ्यावा लागतो. म्हणजे घ्यायचा की नाही, हे लोक माझ्यापाशीच ठरवतात.

मला घडवणारी माणसे दोनच, एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ. भाड्याच्या एका खोलीत ताई चित्रे काढायची आणि भाऊ त्यांना चालायला, पळायला, भांडायला शिकवायचा. या गेमपायी ताईने दुकानांच्या पाट्या रंगवायची नोकरी सोडली होती. माझा सोटा तिने कितीदा तरी खोडून पुन्हा काढला. पुलाखालच्या नदीत तर तिने जीव ओतला.

मी पुरा झालो त्या दिवशी ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याने काय जन्मभर उभंच राहायचं का रे?"

"राखणदार आहे तो. तो बसला तर राखण कोण करणार, तू?" भाऊ म्हणाला.

पण ताईचे बोलणे त्याच्या मनात राहिले असावे. खेळणाऱ्याला शेकोटीपाशी विसावा घेता यावा म्हणून गेममध्ये बसायचे एक बटण होतेच. त्याने खेळणाऱ्यांना पत्ता न लागू देता एवढेच करून ठेवले, की कुणी पुलावर येऊन बसले, तर मीही सोटा बाजूला ठेवून त्याच्याशेजारी बसायचे. एरवी नाही.

"पण मारामारीच्या जागी बसतंय कोण!" ते ताईला दाखवत तो हसत म्हणाला.

आणि खरेच, कुणी बसले नाही.

सुरुवातीला माझे कोण कौतुक झाले! "राखणदाराने नाकी नऊ आणले, पण मजा आली," असे लोक लिहायचे. पण माझ्या कामात एक दुःख आहे. मी ज्यांना आवडतो, ते मला पाडून पुढे जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. ज्यांना आवडत नाही, ते शिव्या घालून माघारी वळतात. माझ्यापाशी थांबत कुणीच नाही. पुढे नवे, झगमगीत गेम आले. माझ्या पुलावर शुकशुकाट झाला. ताई पुन्हा पाट्या रंगवायला जाऊ लागली. भाऊ एकदा मान खाली घालून म्हणाला, "ताई, ह्या महिन्याअखेर गुंडाळू या." गेम बंद झाला की पूल जाणार, नदी जाणार आणि मीही जाणार, हे मला कळले.

अशात एक मुलगी आली. पडद्याच्या आतून मला तिची खोली दिसायची. तिला वाढदिवसाची भेट म्हणून हाच गेम हवा होता. तिचे बाबा बुटांच्या दुकानात विक्रेते होते. गिऱ्हाईक असो नसो, कामाच्या वेळात बसायचे नाही, असा तिथला नियम. त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते.

"नुसती हाणामारी आहे ही. दुसरं काहीतरी माग," ते मोजे काढत म्हणाले.

"न बघताच नाही म्हणतोस, बाबा!"

हे मात्र त्यांना लागले. "बरं, आण इकडे. जोडासुद्धा पायात घालूनच बघतात."

त्यांनी कंट्रोलर हातात घेतला आणि कसेबसे पुलापर्यंत आले. मी सोटा उगारला.

"बाबा, तलवार! तलवार काढ!"

बाबांनी घाईत भलतेच बटण दाबले. त्यांचा योद्धा पुलावर चक्क मांडी घालून बसला.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झाले, कसे सांगू? माझा हात आपोआप खाली आला. मी सोटा कठड्याला टेकवला, दोन पावले पुढे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बसलो. ताईची नदी मी तोवर नीट पाहिलीच नव्हती. फार सुंदर होती ती.

"अगं, हा बसला की!" बाबा म्हणाले.

"काय दाबलंस तू? ऊठ ना, मार त्याला!"

"थांब गं जरा. दोघांनाही टेकू दे." ते तळपाय चोळत पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ज्याने हे केलंय ना, त्याला उभं राहणं काय असतं ते माहीत आहे. घेऊ या हा गेम."

"पण तुला तर मारामारी नको होती!"

"मारामारी तुझी. पूल माझा."

त्यांनी मुलीकडून गेमखाली अभिप्राय लिहून घेतला, "घेण्यासारखा आहे. पुलावर क्षणभर बसून बघा." दुसऱ्या दिवशी ताईने तो वाचला आणि रंगाने माखलेल्या हातांनीच भावाला फोन लावला.

"अरे, कुणीतरी बसलं!"

महिनाअखेर आली आणि गेली. गुंडाळायचा विषय भावाने काढला नाही. मुलगी आता पलीकडच्या जगात कुठल्या कुठे पोचली आहे. बाबा मात्र कामावरून आले की माझ्याकडेच येतात. आम्ही बोलत नाही, नदी बघतो.

मित्रांनो, एखादी गोष्ट घ्यायची की नाही, ते तुम्ही खुशाल ठरवा. नाही आवडली तर तसे सांगा, मला राग नाही. पण दोन फटके मारून ठरवू नका. कुणीतरी तिच्यात काय काय जपून ठेवले आहे, ते आधी बघा. आणि कधी माझ्या पुलावर आलात, तर आठवण ठेवा. मला आपणहून बसता येत नाही.