त्या दिवशी मी खिळ्यावर होतो

मित्रांनो, पंप म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पाणी येते. मी मात्र जन्मभर हवाच ओढली. आकाराने मी साबणाच्या डबीएवढा. कामगाराच्या कमरपट्ट्याला मला अडकवतात आणि माझी रबरी नळी त्याच्या कॉलरपाशी चिमट्याने लावतात. नळीच्या टोकाला छोट्या डबीत एक गोल पांढरा कागद असतो. तो माणूस जी हवा नाकातून घेतो, तीच मी त्या कागदातून ओढतो. कामाची पाळी संपली की कागदाचे वजन करतात, आणि त्या माणसाच्या वाट्याला किती धूळ आली ते कळते. हे काम मी एकवीस वर्षे केले. आता दमलो आहे.

मला वापरायच्या त्या कारखाने तपासणाऱ्या खात्यातल्या बाई. सगळे त्यांना ‘पंपवाल्या बाई’ म्हणत. नवा होतो तेव्हा माझे भारी कौतुक. बाई मला मऊ फडक्याने पुसत, मी हवा नीट ओढतो ना ते रोज सकाळी तपासत. कामगार माझी घरघर ऐकून हसायचे. एक जण म्हणाला होता, “बाई, हा तर माझ्या सासऱ्यांसारखा घोरतोय!” पुढे कारखाने वाढले, पण बाई एकट्याच राहिल्या. बसमध्ये मला मांडीवर घेऊन त्या बसल्याबसल्या डुलक्या काढू लागल्या. माझा चिमटा तुटला, तो दोऱ्याने बांधला गेला.

एका कारखान्यात हात धुण्याची बेसिने बनत. मातीचे बेसिन साच्यातून निघाले की वाळवायचे, मग भट्टीत घालण्याआधी त्याच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. हे घासायचे काम तेरा बायका करत. वाळलेल्या मातीची करडी धूळ उडे. ती इतकी बारीक की डोळ्यांना दिसे ती थोडीच, छातीत जाई ती जास्त. त्या बायकांत सर्वांत जुन्या होत्या काकू. साऱ्या जणी त्यांना काकूच म्हणत, अगदी त्यांच्याहून मोठ्यासुद्धा. बाईंनी मला काकूंच्या कमरेला बांधले.

“पाळी संपेपर्यंत काढायचा नाही हं, काकू,” बाई म्हणाल्या.

“नाही काढत. मला काय, एक कडदोरा जास्त.”

बाई भट्टीकडे गेल्या तोच त्यांचा फोन वाजला. घरी त्यांची आई न्हाणीघरात घसरून पडली होती. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि त्या धावतच फाटकाबाहेर गेल्या.

थोड्या वेळाने मुकादम आला. आवाज खाली आणून म्हणाला, “काकू, आकडा जास्त आला तर विभागाला कुलूप लागेल. तेरा जणी घरी बसाल. मी काही सांगत नाही. तुमचं तुम्ही बघा.”

काकू बराच वेळ हातातले बेसिन नुसतेच धरून बसल्या. मग उठल्या. मला कमरेवरून सोडवले आणि आत, खोकी ठेवायच्या खोलीत, खिडकीजवळच्या खिळ्याला टांगले. तिथे बाहेरची स्वच्छ हवा येत होती. मी सहा तास ती ओढत राहिलो. भिंतीपलीकडून घासण्याचा आवाज येत होता, मधूनमधून खोकल्याचाही. मला तोंड नाही, मित्रांनो. जिथे टांगाल तिथली हवा मोजायची, एवढेच मला येते.

पाळी संपायच्या आधी काकूंनी मला पुन्हा कमरेला बांधले. बाई घामाघूम होऊन परतल्या. त्यांच्या आईचे खुब्याचे हाड मोडले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बाईंनी डबी उघडली. कागद धुतल्यासारखा पांढरा होता. त्यांनी तो उजेडात धरला, उलटला, पुन्हा पाहिला. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “पांढरा आहे म्हणजे चांगलंच की! सुटलात.” बाईंसमोर दहा-बारा अपुरे अहवाल पडले होते, रुग्णालयात जायची वेळ होत आली होती. त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळले आणि ‘धूळ मर्यादेत’ असे लिहून सही केली.

वर्षभराने त्याच कारखान्यात बाईंना कामगारांची छाती तपासायची होती. एका यंत्राच्या नळीत जोरात फुंकर मारायची असते. काकूंचा क्रमांक आला.

“फुंका, काकू. अजून. अजून जोर लावा.”

“लावतेच आहे की गं!”

काकूंनी तीनदा फुंकले आणि तिन्ही वेळा यंत्राचा काटा निम्म्यावरही गेला नाही. काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या ओठांना निळसर झाक आली होती. बाईंनी बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितले.

“काकू, मागच्या वर्षी त्या दिवशी पंप कुठे होता?”

काकूंनी पदराने तोंड पुसले. “खिळ्याला.”

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले.

“तेरा जणी होतो गं. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, एकीच्या पदरात तान्हं. मी काय करणार होते?”

“मला कागद बघूनच कळलं होतं,” बाई म्हणाल्या. “कळूनसुद्धा मी सही केली. मी दमले होते, काकू.”

काकू खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे आपण दोघींनी मिळून केलं हे.”

मी बाईंच्या पिशवीत होतो. एकवीस वर्षांत मला तेवढे जड कधीच वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठ्या साहेबांपुढे एक कागद ठेवला. त्यात लिहिले होते : माझा मागील अहवाल चुकीचा आहे. मोजणी चालू असताना मी जागेवर नव्हते. शंका आली असूनही मी सही केली.

साहेबांनी चष्मा काढला. “अहो, कशाला पायावर धोंडा मारून घेताय? कुणी विचारलंय का तुम्हाला?”

“कुणी विचारलं नाही, म्हणूनच सांगावं लागतंय.”

बाईंना लेखी ताकीद मिळाली. त्यांची ठरलेली बढती त्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना गेली.

त्या पुन्हा कारखान्यात आल्या. मला काकूंच्या कमरेला बांधले, एक रिकामे खोके पालथे घातले आणि पाळी संपेपर्यंत त्यावर बसून राहिल्या. मुकादम दोनदा चहाला बोलवायला आला, त्या उठल्या नाहीत. त्या दिवशीची हवा मी अजून विसरलो नाही. दुपारपर्यंत माझी घरघर बदलली. ओढताना मला जोर लावावा लागत होता. संध्याकाळी कागद करडा होता आणि आकडा मर्यादेच्या साडेतीनपट.

विभागाला कुलूप लागले. तीन आठवडे बायका घरी बसल्या. काहींनी बाईंना वाटेत गाठून नको नको ते ऐकवले. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतले. मग कारखान्याने धूळ ओढून घेणारे नळ बसवले, आणि कोरडे घासणे बंद करून ओल्या स्पंजाने घासणे सुरू केले. काम पुन्हा चालू झाले, पण तेरापैकी अकराच जणींना बोलावणे आले. त्या दोघींचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. बाईंनी चौकशी केली, कारखान्याला दोन पत्रेही लिहिली. उत्तर आले नाही.

काकूंना खोकी बांधायच्या कामावर घेतले. तिथे धूळ नव्हती, पण आधी आत गेलेली धूळ बाहेर निघत नाही.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिथे एकदा गेलो. काकूंच्या जागेवर आता त्यांची धाकटी जाऊ बसत होती. मी तिच्या कमरेला दिवसभर होतो. ती सारखी कुरकुर करत होती, “बोटं बघा, कशी सुरकुतली ओल्यानं! बाह्यासुद्धा भिजतात.” आकडा मर्यादेच्या आत आला. बाईंनी तो दोनदा तपासला, लिहिला आणि पेनाला टोपण लावले. त्या हसल्या नाहीत. पलीकडच्या खोलीतून काकूंचा खोकला ऐकू येत होता.

आता बाई घरी असतात आणि मी कार्यालयातल्या कपाटात. माझी बॅटरी अर्धा तासही टिकत नाही. माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. माझ्यात नवी बॅटरी घालता येईल, नवी नळी लावता येईल. माणसाच्या छातीचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. तुमच्या घरातून आई, वडील, आत्या, काका कुठे कुठे कामाला जातात. त्यांना विचारा, तिथली हवा कशी आहे? ते म्हणतील, “ठीक आहे.” आम्हीही एकदा, शंका आली असताना, ‘ठीक आहे’ असेच कागदावर लिहिले होते. मित्रांनो, तुम्ही पुन्हा विचारा.